नादाचे झाकण उघडणारा माणूस

१९६३ सालच्या हिवाळ्यातील गोष्ट. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातील रोचेस्टर शहरी, शाळांमधून संगीत शिकवणाऱ्या शिक्षकांचे संमेलन भरले होते. अशा मेळाव्यांत वाद्ये, स्वरलिपीची पुस्तके आणि शालेय साहित्य विकणारेही आपापली टेबले मांडून बसतात. त्यांपैकी एका टेबलामागे एकोणतीस वर्षांचा एक तरुण उभा होता. तो संगीतशिक्षक नव्हता. कॉर्नेल विद्यापीठात अभियांत्रिकी पदार्थविज्ञानात पीएच.डी. करणारा तो विद्यार्थी होता आणि फावल्या वेळात एक विलक्षण वाद्य सुट्या भागांच्या रूपाने विकत होता. या वाद्याला ना तारा होत्या, ना पट्ट्या, ना भोके. ते वाजवताना त्याला हातही लावावा लागत नसे. त्याच्या धातूच्या दांड्यांजवळ हवेत हात फिरवला की त्यातून स्वर उमटे.

त्या टेबलापाशी एक संगीतशिक्षक येऊन थांबला. दोघांचे बोलणे सुरू झाले, लांबले, आणि त्यातूनच पुढच्या वर्षी एका यंत्राचा जन्म झाला. ते यंत्र म्हणजे सिंथेसायझर, आणि तो तरुण म्हणजे रॉबर्ट आर्थर मोग. विसाव्या शतकाच्या संगीताचा कायापालट करणाऱ्या या यंत्राचे बीज एखाद्या बड्या कंपनीच्या प्रयोगशाळेत पडले नाही की झगमगत्या रंगमंचावरही पडले नाही. ते शालेय शिक्षकांच्या संमेलनात पडले. मोग यांच्या चरित्रात ही घटना बहुधा दोन ओळींत आटोपली जाते. परंतु त्यांचे आयुष्य वर्गाच्या दारातून पाहू लागले, की त्यातील अनेक वळणांचा अर्थ लागू लागतो.

प्रथम त्यांच्या नावाविषयी. इंग्रजी स्पेलिंग पाहून जगभर अनेक जण त्यांना मूग म्हणतात. स्वतः रॉबर्ट मात्र आपल्या जर्मन वळणाच्या आडनावाचा उच्चार मोग असा करीत. कोकणी जाणणाऱ्याला हा शब्द ओळखीचा वाटेल. त्या भाषेत मोग म्हणजे प्रेम. हा अर्थातच निव्वळ योगायोग. पण ज्या माणसाने पैशापेक्षा सर्किटांवर आणि ती वाजवणाऱ्या माणसांवर अधिक जीव लावला, त्याला हे नाव अगदीच विजोड ठरत नाही.

रॉबर्टचा जन्म २३ मे १९३४ रोजी न्यूयॉर्क शहराच्या क्वीन्स भागात झाला. वडील जॉर्ज मोग हे शहराला वीज पुरवणाऱ्या कंपनीत अभियंता होते. हौशी रेडिओचा त्यांना नाद होता आणि घराच्या तळघरात त्यांनी आपली छोटी कार्यशाळा थाटली होती. आई शर्ली प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. मुलाने मोठेपणी पियानोवादक व्हावे, ही तिची आकांक्षा. त्यामुळे रोजचा सराव चुकवण्याची सोय नव्हती. सराव आटोपला की मुलगा तळघराकडे धाव घेई आणि वडिलांच्या शेजारी बसून तारा, व्हॅक्यूम ट्यूब आणि सोल्डरिंगच्या धुरात रमून जाई. वरच्या मजल्यावर आईची शिस्तबद्ध सुरावट आणि खालच्या मजल्यावर वडिलांची हत्यारे, अशा दोन मजल्यांवर त्याचे बालपण गेले. शाळेत तो एकलकोंडा होता. हुशार म्हणून नावाजलेला आणि त्याच कारणाने दांडग्या मुलांचा मार खाणारा. तळघर ही त्याची सुरक्षित जागाही होती.

१९४९ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आसपास, एका इलेक्ट्रॉनिक्सच्या मासिकातील आकृत्या पाहून त्याने थेरमिन हे वाद्य बनवले. रशियन शास्त्रज्ञ लेव्ह थेरमिन यांनी १९२० च्या सुमारास शोधलेल्या या वाद्याची गंमत त्याच्या साधेपणात आहे. पेटीच्या आत दोन विद्युतलहरी निर्माण होतात. त्यांची कंपने इतकी जलद असतात की ती माणसाच्या कानाला ऐकूच येत नाहीत. माणसाचा हात दांडीजवळ गेला की त्यांपैकी एका लहरीची गती किंचित बदलते, आणि दोन लहरींच्या गतींमधील जो फरक उरतो तो स्वर होऊन ऐकू येतो. एका हाताने स्वराची उंची सांभाळायची आणि दुसऱ्याने आवाज लहानमोठा करायचा. त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना पायरी लागत नाही. स्वर घसरत, सरकत जातो. आपल्याकडील श्रोत्याला त्यात मींड ऐकू आल्यावाचून राहणार नाही.

पंधरा वर्षांच्या मुलाला या वाद्याने एक गोष्ट शिकवली, जी पियानोच्या वर्षानुवर्षांच्या शिकवणीने शिकवली नव्हती. पियानोचा स्वर तयार मिळतो. पट्टी दाबायची, स्वर घ्यायचा. थेरमिनमध्ये मात्र स्वर कसा तयार होतो, हे त्याने आपल्या हातांनी जुळवले होते. एक भाग बदलला की आवाज बदलतो, एक तार हलली की सूर हलतो, हे त्याने पाहिले होते. आवाज ही दैवी देणगी नसून समजून घेता येण्याजोगी, उघडून पाहता येण्याजोगी वस्तू आहे, हे ज्ञान त्याला त्या तळघरात मिळाले आणि ते त्याने जन्मभर वाटले.

ब्रॉन्क्स येथील विज्ञानासाठी प्रसिद्ध असलेल्या शाळेतून तो बाहेर पडला, तोवर हा छंद घरगुती व्यवसायाच्या उंबरठ्यावर आला होता. बापलेकांनी आर. ए. मोग या नावाने थेरमिन बनवून विकायला सुरुवात केली. जानेवारी १९५४ मध्ये, एकोणीस वर्षांच्या रॉबर्टचा थेरमिनवरील लेख एका रेडिओविषयक मासिकात छापून आला. पुढे क्वीन्स कॉलेजात पदार्थविज्ञान, कोलंबिया विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी आणि १९५७ पासून कॉर्नेलमध्ये संशोधन असा त्याचा शिक्षणक्रम चालू राहिला. १९५८ साली शर्ली ली यांच्याशी विवाह झाला. आईचे आणि पत्नीचे नाव उच्चाराला एकच, हाही एक योगायोग.

१९६१ मध्ये त्यांनी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या थेरमिनविषयी आणखी एक लेख लिहिला आणि त्याचे सुटे भाग किटच्या रूपाने विकायला काढले. किंमत पन्नास डॉलरच्या आतबाहेर. तीन खोल्यांच्या बिऱ्हाडातून पुढच्या दोनेक वर्षांत सुमारे हजार किट रवाना झाले. एवढ्या कमाईवर त्यांच्या संशोधनाच्या काळातील संसार तरला. परंतु या किटचे महत्त्व पैशापुरते नव्हते. तयार वाद्य विकत घेणारा माणूस ग्राहक असतो. सुटे भाग घेऊन सोल्डरिंगची कांडी हातात धरणारा माणूस, ग्राहक असतानाच विद्यार्थीही होतो. मोग यांच्या पहिल्या हजार ग्राहकांपैकी प्रत्येकाला, त्या पेटीत काय चालते हे थोडेफार तरी समजून घ्यावेच लागले.

रोचेस्टरच्या संमेलनात भेटलेला शिक्षक त्याच हजारांतला होता. हर्बर्ट डॉइच हे लाँग आयलंडवरील हॉफ्स्ट्रा विद्यापीठात संगीत शिकवत आणि स्वतः संगीतरचनाही करीत. मोग यांच्या आराखड्यावरून जोडलेले थेरमिन ते वर्गात कान तयार करण्यासाठी वापरत. ही युक्ती मोठी मार्मिक होती. थेरमिनवर बोट ठेवायला जागाच नसल्याने स्वर कुठे आहे हे केवळ कानानेच शोधावे लागते. पेटीवर सा दाबला की सा मिळतो. थेरमिनवर सा ऐकता आला तरच तो लागतो. तानपुऱ्याच्या साथीने गळा जुळवणाऱ्या विद्यार्थ्याला जे करावे लागते, तेच तिथे हाताला करावे लागते.

डॉइच यांची अडचण निराळी होती. त्या काळी इलेक्ट्रॉनिक संगीत करायचे म्हणजे ध्वनिफितींचा संसार मांडायचा. प्रयोगशाळेतील उपकरणातून एकेक आवाज काढायचा, तो फितीवर घ्यायचा, ब्लेडने फीत कापायची, तुकडे चिकटवायचे आणि पुन्हा ऐकायचे. काही मिनिटांच्या रचनेला महिने लागत. न्यूयॉर्कमध्ये आरसीए कंपनीने बनवलेले एक प्रचंड यंत्र होते खरे. पण त्याने अख्खी खोली व्यापली होती आणि ते मोजक्या संगीतकारांच्याच वाट्याला येई. एखाद्या सामान्य महाविद्यालयाला परवडेल, एका टेबलावर मावेल आणि हात लावताच तिथल्या तिथे ऐकू येईल असे काही बनवता येईल का, हा प्रश्न शिक्षकाचा होता. उत्तर अभियंत्याला शोधायचे होते.

१९६४ च्या उन्हाळ्यात डॉइच दोन-तीन आठवड्यांसाठी ट्रुमन्सबर्ग या गावी येऊन राहिले. कॉर्नेलपासून जवळच्या या लहानशा गावात मोग यांनी मुख्य रस्त्यावर दुकान थाटले होते. दिवसभर मोग सर्किटे जुळवत, डॉइच ती वाजवून पाहत, आणि काय हवे, काय नको ते सांगत. या देवाणघेवाणीतून जी कल्पना आकाराला आली ती अशी: स्वराची उंची, त्याचा गडदपणा, त्याची तीव्रता या साऱ्या गोष्टी हाताने बटणे फिरवून बदलण्याऐवजी विजेच्या दाबाने बदलायच्या. दाब एका व्होल्टने वाढला की स्वर एका सप्तकाने चढेल. एकदा हे साधले, की एक सर्किट दुसऱ्याला हुकूम देऊ शकते. एक लहर दुसऱ्या लहरीला हेलकावे देऊ शकते. सर्किटांचे छोटे छोटे ठोकळे करायचे आणि ते वायरींनी हवे तसे जोडायचे.

स्वर केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला, हे यंत्राला कसे कळावे, असा प्रश्न पडला तेव्हा मोग यांनी डॉइच यांना समोरच्या हार्डवेअरच्या दुकानात पिटाळले आणि दारावरच्या घंटीचे साधे बटण आणवले. जगाच्या संगीताचा चेहरा बदलणाऱ्या यंत्रात पहिल्यांदा बसले ते हे बटण. पियानोसारख्या पट्ट्या जोडाव्यात, हा आग्रह डॉइच यांचा. शिकलेल्या बोटांना काहीतरी ओळखीचे हवे, हे शिक्षकाला ठाऊक होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथे ध्वनिअभियंत्यांच्या अधिवेशनात मोग यांनी आपली सर्किटे मांडली. बड्या कंपन्यांच्या दिमाखदार दालनांत त्यांचे टेबल म्हणजे भर बाजारात मांडलेली पथारीच. तरीही मागणी आली. पहिल्या ग्राहकांत नृत्यदिग्दर्शक ॲल्विन निकोलाय होते. पाठोपाठ विद्यापीठांचे संगीत विभाग आले. काही हजार डॉलरचे हे यंत्र व्यक्तीला परवडण्याजोगे नव्हते, पण संस्थेला परवडत होते. त्यामुळे अगदी आरंभीच्या काळात सिंथेसायझरचा मुक्काम अनेकदा शिक्षणसंस्थांच्या खोल्यांत असे.

शिकवणारे लोक हेच मोग यांचे सल्लागारही ठरले. कोलंबिया विद्यापीठातील संगीतकार आणि प्राध्यापक व्लादिमीर उसाचेव्हस्की यांनी त्यांच्याकडे एक मागणी केली. प्रत्येक आवाजाला जन्म, उतार, स्थैर्य आणि शेवट असा आयुष्यक्रम असतो. तो चार भागांत वेगवेगळा ठरवता यावा. तबल्यावर थाप पडताच आवाज उसळतो आणि विरतो. बासरीचा स्वर हळूहळू उमलतो आणि फुंक असेतो टिकतो. हा फरक केवळ स्वराच्या जातीचा नसून काळाचाही आहे. मोग यांनी ही चार टप्प्यांची योजना यंत्रात उतरवली, आणि आजतागायत संगणकावरच्या संगीत प्रणालीतही तीच चार टप्प्यांची रेषा दिसते. आवाज हा वेळेत घडतो, हा ध्वनिशास्त्राचा मूलभूत धडा चार खुंट्यांच्या रूपाने विद्यार्थ्याच्या बोटांखाली आला.

१९६५ मध्ये मोग यांना पीएच.डी. मिळाली. तीन वर्षांनी, १९६८ मध्ये, वेंडी कार्लोस यांनी मोग यंत्रावर वाजवलेल्या बाखच्या रचनांची ‘स्विच्ड-ऑन बाख’ ही तबकडी निघाली. पाश्चात्त्य अभिजात संगीताच्या तबकड्यांना सहसा न मिळणारा खप तिला मिळाला आणि तीन ग्रॅमी पुरस्कारही लाभले. बीटल्सनी १९६९ च्या ‘ॲबे रोड’मध्ये मोग वापरला. ट्रुमन्सबर्गच्या दुकानावर मागण्यांचा पाऊस पडू लागला.

याच १९६९ साली मोगचे एक यंत्र भारतात आले. ते मुंबईच्या चित्रपटसृष्टीत किंवा आकाशवाणीत आले नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, म्हणजे एनआयडीमध्ये आले. पखवाजाचे शिक्षण घेतलेल्या आणि चाळीसच्या दशकात जॉन केज यांना भारतीय संगीताचे धडे दिलेल्या गीता साराभाई यांच्या पुढाकाराने तेथे इलेक्ट्रॉनिक संगीताचा कक्ष उभा राहिला. केज यांचे सहकारी डेव्हिड ट्यूडर यांनी स्वतः येऊन यंत्र बसवून दिले. गीताबेन, अतुल देसाई, आय. एस. माथुर, एस. सी. शर्मा आणि तेव्हा विद्यार्थिदशेत असलेले जिनराज जोशीपुरा यांनी त्यावर रचना केल्या. काही वर्षांतच तो कक्ष थंडावला आणि ध्वनिफिती संस्थेच्या संग्रहात विसावल्या. २०१७ मध्ये ब्रिटिश कलावंत पॉल पर्गस यांना त्या सापडल्या आणि २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रसिद्ध झाल्या, तेव्हा भारतात इतक्या लवकर असे काही घडून गेले होते, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. पण यंत्राचा ओढा पाहता आश्चर्याचे कारण नव्हते. भारतातही ते आधी एका शिक्षणसंस्थेतच पोहोचले.

यश मात्र मोग यांना मानवले नाही. हिशेब, भांडवल, वसुली यांत त्यांचा जीव रमत नसे. ‘स्विच्ड-ऑन बाख’ची लाट ओसरली, प्रतिस्पर्धी आले आणि कर्ज वाढले. १९७० मध्ये त्यांच्या कारखान्याने मिनीमोग हे छोटे यंत्र बाजारात आणले. बिल हेमसॅथ या सहकाऱ्याने वापरात नसलेले भाग जोडून त्याचा पहिला नमुना तयार केला होता. आधीच्या यंत्रातील वायरींचे जंजाळ यात पेटीच्या आत कायमचे जोडून टाकले होते. काखोटीला मारून नेता येईल, मैफलीत वाजवता येईल असे हे वाद्य अफाट लोकप्रिय झाले. दहाएक वर्षांत त्याचे बारा हजारांहून अधिक नग विकले गेले. वादकांची सोय झाली. पण वायरी आत गेल्या, तसा एक धडाही आत गेला. मोठ्या यंत्रावर एक साधा स्वर काढायचा तरी लहर कुठून निघते, गाळणीतून कशी जाते, कुठे मोठी होते, हे ठाऊक असल्यावाचून चालत नसे. आता तशी गरज उरली नाही.

मिनीमोगचे यश दिसेपर्यंत कंपनी मोग यांच्या हातून गेली होती. १९७१ मध्ये ती विल्यम वेटेना या उद्योजकाने घेतली आणि बफेलो शहराजवळ हलवली. १९७३ मध्ये ती नॉर्लिन या मोठ्या उद्योगसमूहाकडे गेली. मोग तेथे पगारी नोकर म्हणून राहिले. याच काळात कंपनीने सॉनिक सिक्स नावाचे यंत्र काढले. ते बॅगेसारख्या पेटीत बसवलेले होते, त्यातच ध्वनिक्षेपक होता, आणि शाळा-महाविद्यालयांचे वर्ग नजरेसमोर ठेवून ते विकले जाई. झाकण उघडायचे, प्लग लावायचा आणि मुलांपुढे ठेवायचे. मैफली गाजवणाऱ्यांनी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. मोग मात्र व्याख्यानांना जाताना हीच पेटी बरोबर नेत. आपल्या नावाने चालणाऱ्या कारखान्यात ज्याचे फारसे चालत नव्हते, त्या माणसाला फळ्यापुढे उभे राहून एक लहर चौकोनी केली की आवाज कसा बदलतो हे दाखवताना स्वतःची जागा सापडत असावी.

१९७७ मध्ये त्यांनी कंपनी सोडली. करारामुळे मोग हे नाव तिच्याकडेच राहिले. ज्या नावाची यंत्रे जगभर वाजत होती, ते नाव आता स्वतः त्या माणसाला आपल्या वाद्यावर घालता येत नव्हते. पुढच्या वर्षी ते कुटुंबासह नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ॲशव्हिल शहराजवळच्या डोंगराळ भागात राहायला गेले. तिथे बिग ब्रायर या नावाने त्यांनी लहानशी कार्यशाळा काढली. ऐंशीच्या दशकात काही वर्षे कर्झवाइल या कंपनीत संशोधनाची जबाबदारी सांभाळली आणि नंतर ॲशव्हिलच्या विद्यापीठात संगीत विभागात अध्यापन केले.

दरम्यान जग बदलले होते. १९८० नंतर संगणकाच्या चिपवर चालणारे कीबोर्ड स्वस्त झाले आणि घरोघरी, शाळाशाळांत पोहोचले. त्यांत शेकडो आवाज आधीच भरून ठेवलेले असत. एक कळ दाबली की सनई, दुसरी दाबली की व्हायोलिन, तिसरी दाबली की तालही आपोआप सुरू. वर्गात इलेक्ट्रॉनिक वाद्य आणण्याचे स्वप्न एका अर्थी पुरे झाले होते. तरीही त्यात काहीतरी निसटले होते. मुलाच्या हाती वाद्य आले, पण त्याचे झाकण बंद होते. आवाज निवडता येत होता. घडवता येत नव्हता. डॉइच यांच्या वर्गातील विद्यार्थ्याला जो स्वर कानाने शोधावा लागे, तो आता आकडा दाबून मिळत होता. सोय आणि शिक्षण या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे या कीबोर्डांनी नकळत सिद्ध केले.

मोग यांनी या बदलाला विरोध केला नाही. डिजिटल वाद्यांच्या उभारणीत त्यांचा स्वतःचाही हात होता. पण नव्वदच्या दशकात त्यांनी जे केले ते बोलके होते. साठी ओलांडलेला हा जगप्रसिद्ध माणूस पुन्हा थेरमिनकडे वळला. १९९६ मध्ये त्यांनी एका संगीतविषयक मासिकात थेरमिन घरी कसे बांधावे यावर लेख लिहिला आणि त्याचे सुटे भाग किटच्या रूपाने विकायला ठेवले. एकोणीस वर्षांच्या पोराने जे केले होते, तेच बासष्टाव्या वर्षी. कंपनी गेली, नाव गेले, पण हा धागा सुटला नव्हता. तळघरात न वाढलेल्या मुलांसाठी टपालाने तळघर पाठवण्याचाच हा प्रकार होता.

कायदेशीर झगड्यानंतर २००२ मध्ये मोग हे नाव त्यांना परत मिळाले. पंचवीस वर्षांनी त्यांच्या कार्यशाळेवर त्यांचे स्वतःचे नाव झळकले आणि मिनीमोगची नवी आवृत्ती त्याच नावाने बाहेर पडली. आदल्या वर्षी स्वीडनचे मानाचे पोलर संगीत पारितोषिक त्यांना मिळाले होते. हे सुख मात्र तीनच वर्षे टिकले. एप्रिल २००५ मध्ये त्यांना मेंदूचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि २१ ऑगस्ट २००५ रोजी, वयाच्या ७१ व्या वर्षी, ॲशव्हिल येथील घरी त्यांचे निधन झाले.

आजारपणाच्या त्या महिन्यांत कुटुंबाने इंटरनेटवर त्यांच्या प्रकृतीची माहिती देणारे एक पान सुरू केले होते. त्यावर जगभरातून हजारो संदेश आले. वादक, अभियंते, विद्यार्थी, ज्यांना ते कधी भेटलेही नव्हते अशा माणसांनी त्यांच्या यंत्राने आपले आयुष्य कसे बदलले ते लिहिले. कन्या मिशेल मोग-कूसा यांना वडिलांच्या कामाचा हा पसारा तेव्हा प्रथमच उमगला. २००६ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावे प्रतिष्ठान स्थापन केले. अशा प्रतिष्ठानाने पुतळा उभारावा, पुरस्कार द्यावेत, अशी रीत असते. या प्रतिष्ठानाचे ठळक काम ठरला तो शाळेतील एक अभ्यासक्रम.

‘डॉ. बॉब्ज साउंडस्कूल’ या नावाचा हा अभ्यासक्रम दहा आठवड्यांचा आणि इयत्ता दुसरीच्या मुलांसाठी आहे. ॲशव्हिल परिसरातील शाळांत तो सुरू झाला आणि हजारो मुलांपर्यंत पोहोचला. त्याची मांडणी पाहिली की मोग यांच्या आयुष्याचा क्रमच समोर येतो. आधी कंपन म्हणजे काय हे हाताला जाणवू द्यायचे. मग स्प्रिंग ताणून तिच्यातून लहर कशी धावते ते दाखवायचे. आवाज हवेतून, पाण्यातून, घन वस्तूतून कसा जातो, कानात काय घडते, हे समजले की ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर मुलांना आवाजाची आकृती पाहायला मिळते. आणि त्यानंतर वर्गात येते थेरमिन. बाहेरून कोणी तज्ज्ञ येऊन जादूचे प्रयोग करून जात नाही. वर्गशिक्षकांनाच प्रशिक्षण दिले जाते, साहित्य दिले जाते, आणि नेहमीच्या बाईच ते शिकवतात. शिक्षिकेच्या मुलाच्या स्मारकाला हे साजेसेच म्हणायचे. २०१९ च्या मे महिन्यात ॲशव्हिलमध्ये मोग यांच्या कार्याचे संग्रहालय उघडले, तेथेही मुलांनी उपकरणांना हात लावावा अशीच व्यवस्था करण्यात आली.

डॉइच २०२२ च्या डिसेंबरात निवर्तले. अखेरपर्यंत ते त्या उन्हाळ्याच्या आठवणी सांगत असत. अभियंता आणि शिक्षक यांच्यापैकी एक जरी त्या संमेलनाला गेला नसता तरी सिंथेसायझर कधी ना कधी, कोठे ना कोठे झालाच असता; त्याच सुमारास कॅलिफोर्नियात डॉन बुक्ला हे आपल्या वाटेने त्याच दिशेला चालले होते. परंतु मोगचा सिंथेसायझर जसा झाला तसा झाला नसता. विद्यार्थ्याला हे कसे समजेल, हा प्रश्न त्याच्या जडणघडणीत पहिल्या दिवसापासून होता.

साउंडस्कूलच्या वर्गातील मुले सात-आठ वर्षांची असतात. तळघरात बसून पहिले थेरमिन जोडणारा बॉब त्यांच्या दुप्पट वयाचा होता, आणि त्याला ते एकट्याने शोधावे लागले होते. या मुलांपैकी बहुतेक जण मोठेपणी संगीतकार होणार नाहीत, अभियंतेही होणार नाहीत. पण बाईंनी नाव पुकारल्यावर ती एकेक करून पुढे येतात, दांडीजवळ हात नेतात, स्वर चढतो, हात मागे घेतात, स्वर उतरतो. आणि तो का चढला, का उतरला, हे त्यांना सांगता येते.